खोस्रोवचा नातू

"शाळेत पोरं त्याला इराणी म्हणून चिडवतील, बाबा," सून म्हणाली आणि माझ्या हातातलं बाळ काढून घेतलं.

मी पंक्चरवाला माणूस. आर्मेनियातल्या मेघ्रीत, इराणच्या सरहद्दीला जाणाऱ्या रस्त्यावर दुकान, वर घर. आमच्यात थोरल्या नातवाला आज्याचं नाव देतात. माझा आजा खोस्रोव, बाप सुरेन, मी खोस्रोव, पोरगा सुरेन. पुढचं काय सांगायचं? पण घरात सांगून सांगून माझा घसा बसला.

"नाव अस्सल आर्मेनियन हवं," येरेवानचे व्याही तुतीची दारू ओतत म्हणाले. "खोस्रोव कसला, तो इराणचा बादशहा! आपलं वहराम ठेवा. कसं मर्दानी!"

खाली जॅकवर इराणातल्या इस्फहानचा ट्रक चढवलेला. ड्रायव्हर माझं जुनं गिऱ्हाईक, पायरीवर बसून डाळिंब खात होता. मी सज्ज्यातून ओरडलो, "अरे, तुझं नाव सांग यांना!"

"बहराम!"

"ऐकलंत व्याहीबुवा? तुमचं वहराम ते हेच. तिकडूनच आलंय."

"सुरेनही आमचंच की," बहराम बोटं चाटत हसला. "तिग्रान, अर्शाक, सगळी आमच्याच घरची. नांदायला तुमच्याकडं आली!"

व्याही लालबुंद झाले. "कुठं बहराम, कुठं वहराम! शेकडो वर्षं झाली, आता ते आपलंच."

"मग खोस्रोव काय काल ट्रकमधनं उतरला?"

सुरेन आपल्या बुटांकडं बघत बसला.

"तू तरी बोल की रे, गाढवा!"

"जाऊ द्या ना, बाबा."

रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्म्याला फादरनं नाव विचारलं. ते धर्मबापानं सांगायचं असतं, आणि त्यानं एकदा सांगितलं की संपलं. धर्मबाप म्हणजे सुरेनचा दोस्त. त्यानं माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "वहराम."

पाण्यातनं काढलेलं पोर मीच टॉवेलात घेतलं. गार पडलं होतं बिचारं.

सोमवारी बहराम परतीच्या वाटेवर थांबला. "काय उस्ताद, काय ठेवलं नाव?"

"तुझं."

तो खदखदा हसला. मग त्यानं माझं तोंड बघितलं. हळूच म्हणाला, "आमच्या गल्लीतही आता खोस्रो, तुमचं खोस्रोव, कुणी ठेवत नाही, उस्ताद."

मी पाना घेतला. त्याच्या चाकाचे नट आवळलेलेच होते. पुन्हा आवळले.