लांबलेला सूर

देवीदास मेश्रामचं एक ठाम मत होतं आणि ते हिंदी मुलखातल्या रिसालीत त्याच्या गल्लीला तोंडपाठ झालं होतं: आजकालच्या गाण्याला दुसरी बाजू नसते. रेकॉर्डला असते. एक बाजू संपली की माणसाने उठावं, रेकॉर्ड उलटवावी, फुंकर मारावी, सुई ठेवावी. गाण्यासाठी एवढे तरी कष्ट करावेत. फोन मात्र आग्रही वाढप्यासारखा न विचारता वाढतच सुटतो. अशा पंगतीत पोट फुगतं, चव कळत नाही.

मुलगा विक्की जेवताना फोनवर अर्ध्याअर्ध्या मिनिटाचे तुकडे ऐकायचा. "हे गाणं होय का उचकी?" देवीदास विचारायचा. "पाणी पाज त्याले." विक्की हसायचा. अलीकडे देवीदासच्या तक्रारीत भर पडली होती. नवे गायक तोंडात घास ठेवून गातात, शब्द म्हणून कळत नाही, नुसतं धम धम. लग्नातला डीजे धम धम, टीव्हीवरची जाहिरातही धम धम. शेजारपाजारचे म्हातारे माना डोलवायचे. त्यांना पटायचं, म्हणून त्यालाही पटत गेलं.

मग हिवाळ्यातल्या एका रविवारी त्याने कपाटातून ती रेकॉर्ड काढली.

ती म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याची बायको कमला लग्नाआधी गोंदियाकडच्या एका भीमगीत पार्टीत कोरसला होती. पार्टीने नागपूरला जाऊन एकच रेकॉर्ड काढली. मुख्य गायकाच्या मागे चार मुली. कडव्याच्या शेवटी तिघींनी सूर सोडला आणि कमलाचा तेवढा लांबला. थांबायची खूण तिला दिसलीच नाही. पुन्हा गायला वेळ नव्हता, चूक तशीच छापली गेली. लग्नानंतर कमला लाजून म्हणायची, "साऱ्या रेकॉर्डमंदी मायी चुकी तेवढी आयकते हा माणूस." खरंच होतं. जगभरच्या संगीतातून देवीदासला काय हवं होतं, तर तो लांबलेला सूर.

त्या रविवारी ढोलक वाजली. पेटी थोडीफार आली. भिंतीपलीकडे कुणी गात असावं तशा मुली आल्या. लांबलेला सूर आलाच नाही.

त्याने सुईला शिव्या घातल्या. रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने धुतली. वायर बदलली, प्लेअर खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरवून पाहिला. नवी सुई आणली, तीही नालायक निघाली. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर, नवस बोलायचीही सोय नव्हती. असती तर तो त्या आठवड्यात अनवाणी कुठेही गेला असता.

"बाबा, आवाज तो एकदम क्लियर आ रहा है," विक्की म्हणाला. "तुमाले कावून नाही आयकू येत?"

"तुया कानाले धम धमची सवय झाली. तुले काय समजते?" असं म्हणून देवीदास अंगणात गेला.

खरं कारण त्याला ठाऊक होतं. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तापलेला रूळ कापणाऱ्या करवतीजवळ त्याची नोकरीची सारी वर्षं गेली होती. तिची किंकाळी अख्ख्या शेडमध्ये घुमायची. कानात घालायला बोळे मिळायचे. बाकीचे घालायचे, हा खिशात ठेवायचा. बोळे घातले की आपलं गुणगुणणं सुरात आहे की नाही ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. गाण्यासाठी उघडे ठेवलेले कान करवतीने गाण्यासकट नेले. कुकरची शिट्टी शेवटची कधी ऐकली तेही त्याला आठवेना. त्याला भीती वाटत होती. मरणाची नाही. कमलाचा तो सूर आपल्याआधी मरतो आहे, याची.

तरी आशा चिवट असते. त्याने आणखी एक सुई मागवली, परदेशी. ती आली त्या संध्याकाळी विक्की घरात नव्हता, फक्त कमला होती. देवीदासने सुई बसवली, भिंतीशी खुर्ची ओढली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. प्लेअरला त्याने कमलाला कधी हात लावू दिला नव्हता. तो पुसायचं फडकंसुद्धा वेगळं होतं. आज तो म्हणाला, "कमला, तू लाव. मले पहिल्यापासून नीट बसून आयकाचं हाय."

"मले कुठं येते जी?" तिने मोठ्याने विचारलं.

"खटका दाब. फिरते मंग."

तो डोळे मिटून बसला. ढोलकीची थाप आली. पेटी आली. गुडघ्यावर बोटं आपोआप चालू लागली. मग चौघी आल्या, स्वच्छ, समोर बसून गात असल्यासारख्या. कडवं संपत आलं. तिघी थांबल्या. आणि तो सूर आला, तोच, कोवळा, थांबायचं न कळलेला. देवीदासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आला," तो म्हणाला. "साफ आला, कमला. सुईच खराब होती. मी म्हणत नव्हतो?"

त्याने डोळे उघडले. रेकॉर्ड फिरत होती. काही मोडेल या भीतीने हात मागे घेऊन कमला प्लेअरपाशी उभी होती. ती काहीतरी बोलली, त्याला कळलं नाही. मग ती जवळ आली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"अजी, थे दांडी तं म्या अजून ठेवलीच नाही. कशी ठेवाची, थेच इचारून राहिली तुमाले."

सुईची दांडी आपल्या जागी टेकलेली होती. नवी सुई कशालाच लागली नव्हती.

एरवी त्याला यावर काहीतरी चटकदार सुचलं असतं. "मले आयकू नाही येत, कमला," तो म्हणाला. "लय दिवस झाले. तुया सूर गेला."

"मले मालूम हाय," ती पुन्हा त्याच्या कानाशी म्हणाली. "कुकर जळला होता ना, तवापासून."

तिने खटका बंद केला. समोर स्टूल ओढून बसली, पदर सारखा केला आणि कित्येक वर्षांनी गायला लागली. त्याच्यापर्यंत वाळल्या पानांसारखं काही सळसळत आलं, तेवढंच. तो तिच्या ओठांकडे बघत गुडघ्यावर ठेका धरून राहिला. ठेक्यावर कडवं संपलं, त्याची बोटं थांबली. कमलाचं तोंड अजून उघडंच होतं.