तपकिरी पिठाची वाट

पिठाचा डबा फडताळात नाही हे थेल्माला दिसलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. क्लाइव्हचा खुर्चीत डोळा लागलाय म्हणून ती जेमतेम वीस मिनिटं वर कपड्यांच्या घड्या करत बसली होती. खाली येऊन बघते तर खुर्ची रिकामी, मागचं दार सताड उघडं, चिखलाचे बूट जागेवर नाहीत. आणि डबा नाही. दुसरं कोणी म्हणालं असतं, नवरा हरवलाय आणि ही बाई डबे कसले बघत बसलीय. पण ज्या माणसाने एकतीस वर्षं आरो नदीच्या काठाने पिठाच्या वाटा आखल्या, तो पीठ घेऊन बाहेर पडला म्हणजे कुठे गेला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

गावात ससा-पळीचं मंडळ होतं. दर रविवारी एकाने ससा व्हायचं आणि सकाळीच शेतांतून, राईतून, नदीकाठाने पिठाचे ठिपके टाकत जायचं. मग बाकीची टोळी त्याच्या मागावर धावायची. ओळीने तीन ठिपके म्हणजे वाट खरी. फुली म्हणजे सशाने फसवलं, फिरा मागे. वर्तुळ म्हणजे इथून वाट कुठेही गेली असेल, शोधा. पुढचे पळणारे शोधायचे, आणि सापडली की वर्तुळाला त्या अंगाने बुटाने खिंड पाडायचे, म्हणजे मागून येणाऱ्यांना डोकं चालवावं लागायचं नाही. थेल्मा कायम मागून येणारी. एकतीस वर्षांत एकही वर्तुळ तिने स्वतः सोडवलं नव्हतं.

तिने पोलिसांना फोन केला. बाई गोड बोलली, पण खालचा रस्ता पाण्याखाली होता आणि गाडीला वळसा घालून यायला तास तरी लागणार होता. नदी कालपासून फुगलेली. नोव्हेंबरचा दिवस, साडेचारला अंधार. आणि खिडकीच्या काचेवर पाऊस बारीक बारीक टिचक्या मारू लागला होता. पावसात पीठ किती वेळ टिकतं हे सशाच्या बायकोला कोणी सांगायला नको.

अडुसष्टाव्या वर्षी, अधू गुडघा घेऊन, थेल्मा पळत सुटली.

कुंपणाच्या पायरीपाशीच तिला तीन पांढरे ठिपके दिसले. तिला रडू आलं. ठिपके नदीच्या वरच्या अंगाला जात होते, बंधाऱ्याकडे. ती हाका मारत त्यांच्यामागे गेली. मेंढ्यांच्या कुरणातून, काटेरी झुडपांमधून, एका फुलीपाशी फसून परत फिरून, पुन्हा पुढे. गुडघा ठणकायला लागला तशी ती त्याला शिव्या घालू लागली, गुडघ्याला आणि नवऱ्याला आळीपाळीने. बंधाऱ्यापाशी ठिपके संपले आणि तिथे दगडावर मोठ्या अक्षरांत कोणीतरी लिहिलं होतं, इथे बिअर.

तिने गॅरेथ प्रोसरला फोन लावला. गॅरेथ पलीकडच्या काठावरचा शेतकरी, मंडळात सगळ्यांच्या पुढे पळणारा, आणि हल्लीचा ससा.

"थेल्मा, ती माझी रविवारची वाट आहे," तो म्हणाला. "मी चुना टाकतो. पीठ कोण टाकतं आता? उंदीर खातात."

"चुना," थेल्मा म्हणाली.

"पांढरंफेक असेल बघा. तुमच्या डब्यात कसलं पीठ होतं?"

पांढरं पीठ तिने शनिवारी केकला संपवलं होतं. डबा होता कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा. तपकिरी. तिने स्वतः भरलेला, तिच्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेला. आणि ती पाऊण तास पांढऱ्यामागे धावत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही असल्या दिवशी.

"थेल्मा? ऐका. मी गाडी घेऊन दगडी पुलाकडे येतो. मला झाडं पडलेल्या रस्त्याने यावं लागेल, वेळ लागेल. तुम्ही नदीत उतरू नका. कळलं का? क्लाइव्हला शोधायला गेलो आणि दोघांना शोधावं लागलं, असं नको."

ती परत पायरीपाशी आली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. आता तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि खाली न बघता झाडांकडे बघितलं. क्लाइव्ह डावखुरा. तो ठिपका जमिनीवर टाकायचा नाही, बुंध्याच्या डाव्या बगलेत, फांदी फुटते तिथे मूठ दाबायचा. पावसाला सापडत नाही, म्हणायचा. आणि होतीच तिथे, वाळुंजाच्या पहिल्याच झाडाच्या बगलेत, ओल्या तपकिरी पिठाची मूठ. मघाशी थेल्मा त्या झाडाच्या हातभर अंतरावरून पळून गेली होती.

ज्याला सकाळी शर्टाची बटणं लावता येत नाहीत, जो गेल्या आठवड्यात तिला विचारत होता की बाई तुमची सुट्टी किती वाजता होते, त्याच्या हाताने एकही झाड चुकवलं नव्हतं. थेल्माला त्याचा इतका राग आला की तिने त्या झाडाला थोबाडीत मारली. मग ती खालच्या अंगाला पळाली.

नदीच्या उतारापाशी, झाडाखाली, तपकिरी वर्तुळ होतं.

उन्हाळ्यात तिथून गाई पाय न भिजवता जातात. आज पाणी गढूळ, फुगलेलं, काठाच्या गवतावरून वाहत होतं. क्लाइव्हची वाट म्हणजे ओले पाय, ही मंडळातली जुनी थट्टा. पुलाकडचा रस्ता कितीही सोपा असो, त्याची खरी वाट पाण्यातूनच जायची आणि पुलाच्या रस्त्यावर फुली असायची. टोळी आरडाओरडा करत पाण्यात उड्या टाकायची आणि थेल्मा गुपचूप पुलावरून वळसा घालून सर्वांत शेवटी पोचायची. लहानपणी तिचा भाऊ याच नदीत बुडता बुडता वाचला होता. घोट्याच्या वर पाणी आलं की ती मागे फिरायची.

वर्तुळाला खिंड नव्हती. पाडणार कोण? तिच्या पुढे कोणीच नव्हतं.

पलीकडच्या काठावर एक खांब होता आणि खांबावर तिच्या छातीच्या उंचीला एक तपकिरी ठिपका. डाव्या बाजूला. म्हणजे तो पलीकडे गेला होता, किंवा पलीकडे जाता जाता, आणि इथे थेल्माने पुढचा विचार केला नाही. ती पाण्यात उतरली.

पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, कमरेला लागलं. थंडीने श्वासच बंद झाला. ती मोठमोठ्याने बोलत राहिली, "मेल्या, थांब तू, मेल्या, घरी चल, दाखवते तुला." मधोमध तिचा पाय निसटला, पाणी छातीवरून गेलं, आणि वाहत आलेल्या एका ओंडक्याला धरून ती कशीबशी पलीकडच्या चिखलात आदळली. चार पायांवर रांगत खांबापाशी गेली. ठिपक्याला हात लावला.

लाकडावर उगवलेली बुरशी होती.

खिशातला फोन बंद पडलेला. इकडच्या काठावर एकाही झाडाच्या बगलेत पीठ नव्हतं. थेल्माने पंधरा झाडं पाहिली, पुन्हा पहिली पाच पाहिली. मग तिला खात्रीच पटली. तो उतारात उतरला आणि या काठाला लागला नाही. ती खालच्या अंगाने चालू लागली, पळण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं, आणि दर दहा पावलांवर पाण्यात वाकून बघू लागली. त्याचा निळा स्वेटर शोधत होती. मनात एक भलतंच येऊन गेलं, की आता रात्री झोप लागेल. ते आलं म्हणून तिला स्वतःची किळस आली आणि ती ओक्साबोक्शी रडली.

रडतच ती दगडी पुलाशी पोचली. गॅरेथची गाडी अजून आली नव्हती. पुलाच्या कठड्यावर, पाऊस लागणार नाही अशा आतल्या अंगाला, बोटाने ओढलेल्या दोन तपकिरी रेघा होत्या.

दोन रेघा म्हणजे छोटी वाट. ज्यांना झेपत नाही त्यांनी इकडून यावं. मंडळात पन्नास माणसं, पण दोन रेघा क्लाइव्ह फक्त एकीसाठी काढायचा. तिला त्या खुणेची इतकी लाज वाटायची की एकतीस वर्षांत त्या रेघांकडे तिने कधी सरळ पाहिलंही नव्हतं. आजही तिने शहाण्यासारखी पुढच्या पळणाऱ्यांची वाट शोधली. आणि त्याने ती आखलीच नव्हती.

पुलापासून शंभर पावलांवर बगळा नावाचं मद्यगृह होतं, सहा वर्षांपूर्वी बंद झालेलं. पूर्वी सगळ्या वाटा तिथेच संपायच्या. मागच्या बागेत, कुजलेल्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन क्लाइव्ह बसला होता. ओठ निळे पडलेले. बाह्या पिठाने भरलेल्या.

"क्लाइव्ह," ती म्हणाली.

तो उठून उभा राहिला, परक्या बाईसाठी उठावं तसा. "तुम्ही पहिल्याच. बाकीचे कुठे राहिले?"

"क्लाइव्ह, चल. गॅरेथ गाडी आणतोय. गारठलायस तू."

"मला जाता यायचं नाही," तो म्हणाला. "माझी बायको यायचीय अजून. ती शेवटी येते."

"अरे, मीच ती. थेल्मा."

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांतून पाणी गळत होतं. "तुम्ही नदीतून आलात, बाई," तो समजुतीने म्हणाला. "थेल्मा पाण्याला भिते. मी तिच्यासाठी पुलावरून वाट काढलीय."

तिने त्याचा हात धरून ओढलं. तो हलेना. ती त्याच्यावर ओरडली, तेव्हा तो घाबरून बाकाच्या मागे गेला आणि डबा छातीशी धरला. पुलाकडून गाडीचा आवाज येऊ लागला होता. शंभर पावलांवर गाडीची ऊब होती, पण क्लाइव्ह तिथे बायकोची वाट बघत मरून गेला असता, तिच्या डोळ्यांदेखत.

थोड्या वेळाने तो पुढे आला, अंगातला कोट काढला आणि तिला दिला. "घ्या. कुडकुडताय तुम्ही."

"तुला लागेल तो."

"मला काय, मी आता घरीच जाणार. बायको आली की."

थेल्माने कोट घातला. तो तिच्या गुडघ्यांखाली आला. तिने बटणं गळ्यापर्यंत लावली, केस आत कोंबले, कोटाची टोपी डोक्यावर ओढली, आणि बागेबाहेर गेली. पुलापर्यंत गेली. गॅरेथ गाडीतून उतरत होता, त्याला तिने हाताने थांबवलं. कठड्यावरच्या दोन रेघांना हात लावला आणि परत फिरली. पळाली नाही. शेवटी येणारे जसे येतात तशी आली, लंगडत, धापा टाकत, आणि फाटकापासूनच तिने टोळीची हाळी दिली, "वाट सापडली, वाट सापडली."

"आलीस," क्लाइव्ह म्हणाला. त्याचा चेहरा सैल पडला. "किती उशीर गं. सगळे येऊन गेले बहुतेक."

"गुडघा दुखतोय."

"म्हणून तर पुलावरून काढली." त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं गाडीकडे चालू लागले. मध्येच तो थांबला. "माझा कोट तुझ्या अंगावर कसा?"

"एका बाईंनी दिला."

"ती होय. ओलीचिंब होती बिचारी. एवढ्या पुरातून आली, कुणाला तरी शोधत होती." तो पुन्हा चालू लागला. "सापडला का तिला?"

थेल्माने त्याचा बर्फासारखा हात कोटाच्या बाहीत ओढून घेतला.

"आजच्यापुरता सापडला," ती म्हणाली.