पाचवी ढाल

“या वेळी पातळ फळी घे, एलोफ,” कारभारी म्हणाला. “पाइनची चालेल. आणि मागून करवतीने एक खाच मारून ठेव.”

एलोफच्या हातातली पटाशी थांबली. लान्सेहेल्म या स्वीडिश सरदार घराण्यात कुणी गेलं की त्याची ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेली लाकडी ढाल, एलोफच कोरायचा. चर्चच्या भिंतीवर त्याच्या हातच्या चार ढाली होत्या, चारही जाड ओकच्या. निळ्या जमिनीवर चिलखती हात, मुठीत मोडका भाला, खाली तोफेचे तीन गोळे. भाला मोडला तरी मूळपुरुष हटला नाही, असा त्या भाल्याचा अर्थ. परवा म्हातारे जनरल गेले, तेव्हा पाचवी ढाल आलीच. पण खाच मारलेली ढाल एकदाच लागते. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ती भिंतीवर चढत नाही. शवपेटीवर फोडतात आणि तुकडे थडग्यात टाकतात.

“शेवटचे कसे? धाकटे साहेब आहेत की, नॉर्वेच्या मोहिमेवर.”

कारभारी हातातली टोपी फिरवत राहिला.

“कारभारी, आमचा पोरगा मोन्स त्यांचा मोतद्दार म्हणून गेलाय. पत्रबित्र आलंय का काही?”

“शुक्रवारी ढाल हवी,” एवढंच बोलून तो निघाला. एरवी बिअर घशाखाली उतरल्याशिवाय हलायचा नाही तो माणूस.

एलोफने ओकच घेतला, दोन बोटं जाड.

“अहो, पातळ सांगितलीय ना?” त्याची बायको शेश्तिन म्हणाली.

“त्यांना काय कळतंय! फुटणारी ढाल माझ्या हातून होणार नाही.”

शेश्तिनने फळीचं दुसरं टोक धरलं. तिलाही तेच हवं होतं. ढाल शाबूत तर धाकटे साहेब शाबूत, आणि ते शाबूत तर त्यांच्या घोड्यामागचा मोन्सही, असा वेडा हिशेब दोघांनी मनात धरला होता. तीन गोळे रंगवायचं काम लहानपणापासून मोन्सचं. या वेळी एलोफने ते मोन्सच्याच कुंचल्याने रंगवले आणि कुंचला कोटाच्या खिशात ठेवला.

शुक्रवारी चर्चमध्ये एका मेजरने ढाल शवपेटीवर धरून हातोडा घातला. ढाल हूं की चूं करेना. दुसरा घाव, तिसरा घाव. नुसता निळा रंग उडाला. लोक कुजबुजायला लागले. मेजरचा चेहरा लाल झाला.

जनरलच्या बाईसाहेब उठून सरळ एलोफपाशी आल्या.

“ओक वापरलास?”

“होय, बाईसाहेब.”

“मलाही खरं वाटेना, एलोफ. मोहिमेवरून आलेलं पत्र तीनदा वाचलं. धाकटे साहेब डोंगरात बर्फाच्या वादळात सापडले. त्या तुकडीतलं कुणी खाली उतरलं नाही. मोठे साहेब ते ऐकून बसले ते उठलेच नाहीत.”

“कुणीच नाही?”

“मोन्सचं नाव नव्हतं त्यात. मोतद्दारांची नावं लिहीत नाहीत रे.” त्यांनी शवपेटीकडे बोट केलं. “आता तूच फोड. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.”

एलोफ शवपेटीपाशी गेला. त्याने ढाल पालथी केली, बोटांनी लाकडाचा धागा चाचपला आणि धाग्यावर बरोबर एकच घाव घातला. मोडका भाला मधोमध पुन्हा मोडला.

बाईसाहेबांनी एकेक तुकडा उचलून थडग्यात सोडला. सगळे टाकून झाल्यावर एलोफने खिशातला कुंचला काढला आणि बाईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि त्याला जागा द्यायला त्या बाजूला सरकल्या.