खिडकीखालची ओल

मी जग बोलतोय. दचकू नका, अख्खं जग बोलायला लागलं तर ऐकायला उरणार कोण! मी आपला पाण्याचा जग. स्टीलचा, झाकणाचा, धरायला एक कान असलेला, पोटाशी थोडा चेपलेला.

कारखान्यात मी नुसता पत्रा होतो. दाबून, वाकवून, घासून मला आकार दिला आणि दुकानाच्या फळीवर मांडलं. तिथून मला या घरच्या सूनबाईंनी आणलं. नव्या संसाराची त्यांची ती पहिली खरेदी. पाहुणे आले की मी बाहेर यायचो, एरवी कपाटात. मग फ्रीज आला, बाटल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मोठ्या पातेल्याखाली उपडा पडून मी वर्षं काढली. पाण्याच्या भांड्याला पाण्याशिवाय राहणं किती जड जातं, ते तुम्हाला कसं कळावं?

अप्पा पडले आणि माझे दिवस पालटले. अप्पा म्हणजे सूनबाईंचे सासरे. जन्मभर बस चालवलेला माणूस. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. सूनबाईंनी मला माळ्यावरून काढलं, लख्ख घासलं आणि अप्पांच्या खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं. “अप्पा, सकाळी एक जग, दुपारी एक. डॉक्टरांनी बजावलंय.”

“हो गं, पितो,” अप्पा म्हणाले. आणि खरंच प्यायचे. मला वाटलं, आता माझं सोनं झालं.

घर बैठं आणि लांबोडकं. एका टोकाला अप्पांची खोली, तिला लागून सूनबाईंची शिलाईची खोली, मग हॉल, नवराबायकोची खोली, स्वयंपाकघर आणि पार दुसऱ्या टोकाला संडास-बाथरूम. घरात तेवढं एकच. धडधाकट माणसाला ते अंतर काहीच नाही. वॉकरवाल्याला मात्र ते परगाव वाटतं.

एका सकाळी अप्पा घाईने उठले. वॉकरची टकटक लांब लांब गेली. आत मुलगा दाढी करत होता, नळ धो धो चालू. अप्पांनी दार बोटाने वाजवलं, मग मुठीने. “आलो, आलो!” मुलगा ओरडला. पण तो येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सूनबाईंनी फरशी पुसली. मुलगा अर्ध्या चेहऱ्याला साबण लावून तसाच उभा राहिला. अप्पा परत आले, कपडे बदलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही.

मुलाच्या मनाला मात्र ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तो प्लंबरला घेऊन आला. “अप्पांच्या खोलीला लागून दुसरं बाथरूम काढायचं. कुठे होईल ते सांगा.”

प्लंबरने टेप लावली, भिंती ठोकून पाहिल्या, मागे जाऊन ड्रेनेजची लाइन बघितली. “आजोबांच्या खोलीत काढलं तर पाण्याला उतार मिळत नाही. जमीन उचलावी लागेल, म्हणजे मधे पायरी येणार.”

“पायरी नको. वॉकर आहे त्यांचा.”

“मग ही शेजारची खोली घ्या. लाइन तिच्या पाठीलाच आहे. एकदम सरळ काम.”

शेजारची खोली म्हणजे सूनबाईंची. तिथे त्यांचं मशीन, कापडांचे गठ्ठे, भिंतीएवढा आरसा. शेजारपाजारच्या बायका मापं द्यायला यायच्या, दार लावून तासभर हसायच्या. त्या दारामागे सूनबाई कुणाची सून नसायच्या, कुणाची बायकोही नसायच्या.

प्लंबर गेल्यावर त्या खोलीत भांडण पेटलं. आमच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ.

“अगं, रिकामीच तर असते अर्धी.”

“रिकामी? माझं पोट आहे त्या खोलीवर!”

“मशीन हॉलमध्ये ठेवू.”

“आणि बायकांनी मापं कुठे द्यायची? तुमच्या टीव्हीसमोर?”

“मग बापाला काय अंगणात पाठवू?”

खटकन मशीनचं झाकण पडल्याचा आवाज आला. अप्पा पलंगावर ताठ बसले होते. त्यांच्या हाताची बोटं माझ्या कानाभोवती घट्ट आवळली गेली.

सकाळी त्यांनी मुलाला हाक मारली. “मला नको ते बाथरूम. बसवर असताना मी दिवस दिवस कळ काढलीय. माझं मला जमतं. तू बघच.”

आणि खरंच जमायला लागलं की! अप्पा आता फार कमी वेळा उठायचे. मुलाला हायसं वाटलं, सूनबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र आतल्या आत गोठलो होतो. कारण सूनबाईंची पाठ वळली की अप्पा मला उचलायचे, खिडकीच्या गजांतून बाहेर धरायचे आणि उपडा करायचे. तोंडात घ्यायचे तो नुसता घोट, ओठ ओले करण्यापुरता.

त्यांचे ओठ फुटले. डोळे खोल गेले. सूनबाई यायच्या, मला हलवून बघायच्या. “शाब्बास अप्पा, संपवलंत!” म्हणायच्या आणि पुन्हा काठोकाठ भरायच्या. मी त्यांच्या हातात जड व्हायचो. ओरडावंसं वाटायचं. पण भांड्याचा आवाज होतो तो पडल्यावर, आणि मला तर अप्पा फार जपून धरायचे.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी अप्पा बरळायला लागले. “बाजूला, बाजूला” म्हणत हवेत स्टिअरिंग फिरवू लागले. अंग तापलेलं. डॉक्टर घरी आले. जीभ बघितली, चामडी चिमटीत धरून बघितली.

“पाणी किती पितात?”

“भरपूर!” मुलाने मला उचलून उलटं केलं. “हा जग रोज दोनदा रिकामा होतो.”

माझ्यातून एक थेंबही पडला नाही. माझ्याइतकी खोटी साक्ष कुठल्या भांड्याने दिली नसेल.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मग हे असं का व्हावं? लघवीत जंतू झाले असणार, किडनीवर ताण येतोय. सलाइन लावतो. पुन्हा असं झालं तर मात्र हॉस्पिटलमध्ये हलवावं लागेल.”

अप्पा सावरले, पण मुलगा आता ऐकेना. “सोमवारी भिंत फोडायची. चर्चा बंद.” सूनबाई कापडांचे गठ्ठे बांधायला लागल्या. आणि अप्पा? सलाइन निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मला खिडकीबाहेर धरलं. माणूस हट्टाला पेटला की त्याच्यापुढे यमही कंटाळतो.

शेवटी अडवलं ते प्लंबरने. “साहेब, सोमवार विसरा. आजोबांच्या खिडकीखाली जमीन कायम ओली आहे. लाइन फुटली असणार. आधी गळती शोधू, मग बाथरूमचं बोलू.”

त्याने खणून बघितलं. पाइप कोरडा ठणठणीत. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच. तो चक्रावला. मी वरून सगळं ऐकत होतो. अहो, गळती इकडे आहे, इकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर मोठी कुदळ आणायला गेला होता. सूनबाई एकट्याच खिडकीखाली उकिडव्या बसून माती चाचपत होत्या. अप्पांना वाटलं, मागे कुणी नाही. त्यांनी मला गजांतून बाहेर काढलं आणि रितं केलं. पाणी मातीवर पडल्याचा नेहमीचा आवाज आला नाही.

थोड्या वेळाने सूनबाई दारात उभ्या. केसांतून पाणी निथळत होतं. मी अजून अप्पांच्या हातातच.

“पाऊस आला काय गं?” अप्पा म्हणाले.

“आला. तुमच्या खिडकीतून.”

अप्पांनी मला हळूच स्टुलावर ठेवलं. नजर वर होईना.

“मी विश्वासाने भरून ठेवत होते, अप्पा. डॉक्टरांसमोर आम्ही छातीठोक सांगितलं, पितात म्हणून!”

“तुझी खोली गेली असती, पोरी.”

“आणि तुम्ही गेला असता तर? लोकांनी काय म्हटलं असतं ते सोडा, मी स्वतःला काय सांगितलं असतं? तुमच्या मुलाने मला न विचारता खोली घेऊन टाकली. तुम्ही मला न विचारता ती वाचवायला जीव द्यायला निघालात. अहो, खोली कुणाची? कुणी मला एका शब्दाने विचारलंत?”

अप्पांनी आता कुठे वर पाहिलं. “नाही विचारलं. आता विचारतो. काय करायचं?”

सूनबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. पदराने तोंड पुसलं. “अर्धी खोली बाथरूमला. उरलेल्या अर्ध्यात आरसा आणि कापडं, मापंही तिथेच. मशीन बसत नाही, ते इथे, तुमच्या खिडकीपाशी. पण दिवसभर खडखड चालेल.”

“बसचं इंजिन मांडीला लागून होतं माझ्या. शिलाई मशीनचं काय घेऊन बसलीस!”

“आणि पाणी माझ्यासमोर प्यायचं.”

त्यांनी मला भरून आणलं, पेला पुढे केला. अप्पांनी दाराकडे पाहिलं, त्या लांबलचक वाटेकडे. मग डोळे मिटून पेला संपवला.

तेवढ्यात मागून प्लंबरची हाक आली. “ताई, इथे खणू का?”

“नको,” सूनबाई म्हणाल्या. “सापडली गळती.”

भिंत आता फुटली आहे. सगळीकडे सिमेंटची धूळ, म्हणून माझ्यावर ओलं फडकं टाकलेलं असतं. टाइल्स हॉलमध्ये रचून ठेवल्यात, नव्या बाथरूमला दार अजून बसायचंय. तोवर अप्पांना जुनीच वाट. ते उठले की मुलगा पुढे धावतो आणि दार उघडं करून धरतो. कधी वेळेत पोचतात, कधी नाही. नाही पोचले त्या दिवशी अप्पांचा हात माझ्या कानापाशी येऊन थबकतो. मशीनची खडखड थांबते. सूनबाई नुसत्या बघत राहतात. मग तो हात मला उचलतो. पेल्याकडे की गजांकडे, हे कळेपर्यंत माझ्यातलं पाणी हिंदकळत असतं. आजवर तरी पेल्याकडेच वळलाय.

तुमच्याही घरी कुणाच्या उशाशी माझा एखादा भाऊबंद असेल. तो रिकामा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. जवळ बसा आणि विचारा, पाणी गेलं कुठे. आम्हाला सांगता येत नाही हो. आणि ज्यांना येतं, ते सांगत नाहीत.