डोंगरावरची बाराशे अंजनं

मनकर्णाच्या हाताला पाणी कळायचं. तिसगावच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला वनखात्याची रोपवाटिका आहे. तिथं ती आठ वर्षं रोपांना पाणी घालत होती. पिशवी नुसती उचलली की वजनावरून तिला समजायचं, हिला आज झारी लागेल का उद्यावर ढकलता येईल. साहेब लोक यंत्र घेऊन येत, मातीत खुपसत, आकडा वाचत आणि शेवटी तिलाच विचारत.

त्याआधी तिची वीस वर्षं ऊसतोडीत गेली होती. भर दुपारी फडात जीभ टाळूला चिकटलेली आणि पाणी दोन शेतं पलीकडं, हे तिनं इतक्या वेळा सोसलं होतं की कुणीही तहानलेलं दिसलं की ती हातातलं काम टाकून पाण्याला धावायची. तिच्या घरचा रिवाजच होता, दारात वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या, भांडण मागून. त्यामुळं तिच्या हातची रोपं बाळसेदार असत. लांबलांबच्या गावचे लोक तिच्याच वाफ्यातली रोपं मागत, आणि ती जरा फुगतही असे. का फुगू नये?

पण एक सल होता. गेल्या साली तिच्या स्वतःच्या गावच्या, हिवरदऱ्याच्या डोंगरावर तिनं हौसेनं अंजनाची बाराशे झाडं लावून घेतली होती. आपट्यासारखी जोडपानं, तजेलदार, गुडघ्याएवढी. दसऱ्यापर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. "मनकर्णे, तुजी झाडं डोंगरावर हायेत का मोबाईलातल्या फोटूत?" असं बायका पाणवठ्यावर विचारायच्या. तेही तिनं गिळलं असतं. पण डोंगर गायरानाचा, आणि खडीवाल्यानं तो मागितला होता. ग्रामसभेत ठरलं, यंदा पुन्हा बाराशे लावा. जगली तर डोंगर झाडांचा, नाही तर क्रशरचा. याच डोंगरावर मनकर्णानं लहानपणी शेळ्या राखल्या होत्या. त्याची खडी होऊन ट्रकात भरलेली तिला बघायची नव्हती.

वैशाख लागला आणि नवीन वनरक्षक आल्या, सत्यशीलामॅडम. वयानं पोरगीच, पण नजर करारी. त्यांनी वाफ्यांमधून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मावशी, आता पाणी तोडायचं. आधी एक दिवसाआड, मग चार दिवसांनी. सावलीची जाळीही काढा."

मनकर्णाला वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. "वैशाखात, मॅडम? लोक या दिसांत पानपोया घालत्यात, आन् आपन हाय ते पानी तोडायचं?"

"तुमच्याकडं डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात ना?"

"डाळिंब थोराड झाड हाय. ही लेकरं हायेत."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "इथं रोज झारी येते, म्हणून मूळ पिशवीतच लोळत पडतं. डोंगरावर झारी कोण नेणार? तहान लागली तरच ते खाली जायला शिकेल."

मनकर्णा जाळी सोडायला गेली. पण रोपवाटिकेचा म्हातारा राखणदार अजिनाथ, त्याच्याजवळ तिनं मन मोकळं केलं. "नाना, या बाईला लेकरू न्हाई वाटतं." अजिनाथ तंबाखू मळत म्हणाला, "वहिनी, हुकूम त्यो हुकूम. आपन हात बांधून बसावं."

आठ दिवस तिनं हात बांधले. दुपारी अंजनाची जोडपानं मिटून जात, जणू कुणी हात जोडून उभं आहे. खालची पानं पिवळी पडून गळू लागली. नवव्या दिवशी तिनं कळशी भरली. हौदाच्या भिंतीमागं सहा वाफे होते, ते कचेरीतून दिसत नसत. तेवढ्यांना तिनं पोटभर पाणी दिलं. मग रोजच देऊ लागली. उरलेले सहा अजिनाथच्या खुर्चीपुढं उघड्यावर, तिथं तिचं काही चालेना. त्यांच्याजवळून जाताना ती मान खाली घालायची आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागायची.

पंधरवड्यानं मॅडमनी विचारलंच. "मावशी, हे सहा वाफे एवढे हिरवे कसे?"

"भिंतीची सावली पडती," मनकर्णा म्हणाली. उभ्या जन्मात ती इतक्या सफाईनं खोटं बोलली नव्हती.

मृगाचे पाऊस झाले आणि आर्द्रात हिवरदऱ्याची लागवड लागली. एका वाफ्यात शंभर रोपं, म्हणजे तिची हिरवी सहाशे आणि ती वाळकुडी सहाशे. खालच्या उताराला माती बरी होती, तिथं तिनं आपल्या हातानं हिरवी रोपं लावली. वाळकुडी वरच्या खडकाळीवर गेली, मुरमात पहारीनं खोदलेल्या खड्ड्यांत. ती जगावीत अशी आशाच तिनं धरली नव्हती. सहाशे वाचली तरी गावाचं तोंड बंद होईल, असा तिचा हिशेब.

मग पाऊस जो गेला तो गेलाच. पुनर्वसू कोरडा, पुष्य कोरडा. वारा तेवढा वाहायचा, रात्रंदिवस. टँकर ग्रामपंचायतीला पिण्यापुरताच मिळत होता. पाचव्या आठवड्यात मनकर्णाला राहवेना. तिनं खुरपं आणि पाण्याची बाटली घेतली आणि एकटीच डोंगर चढली.

खालच्या उतारावरच सगळं कळून आलं. तिची गुडघ्याएवढी, तजेलदार रोपं उभ्याउभ्या करपली होती. तिनं एक ओढलं, ते अलगद हातात आलं. मूळ पिशवीच्या आकाराचं, तस्संच गोल गुंडाळलेलं. पाच आठवडे मातीत राहून ते एक बोटही खाली गेलं नव्हतं. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. सगळी तशीच. शेवटपर्यंत ती झारीची वाट बघत बसली होती. मनकर्णा तिथंच फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडली. गेल्या सालची बाराशेही आपणच मारली, हेही तिला त्याच वेळी समजलं. शेळ्यांना, पावसाला, डोंगराला, सगळ्यांना ती उगाच बोल लावत आली होती.

तशीच ती वर चढली. वर तर नुसत्या काड्या होत्या. वीतभर उंचीच्या, एकही पान नसलेल्या. संपलं सगळं, आता क्रशर येणार. तिनं एक काडी उपटायला धरली.

काडी हलेना.

तिनं जोर लावला. तरी हलेना. मग तिनं खुरप्यानं कडेची माती उकरली. मूळ करंगळीएवढं जाड, सरळ खाली गेलेलं. वीतभर उकरलं, मूळ पुढंच. खड्ड्याची माती संपून मुरूम लागला, तर मूळ मुरमाच्या फटीत शिरलेलं. ती पालथी झोपली आणि फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. खुरप्यानं आणखी दोन ढेकळं काढली आणि हात खांद्यापर्यंत घातला, गाल जमिनीला टेकवून. बोटांना गार लागलं. वरती दगड तव्यासारखे तापलेले आणि खाली ओल, एवढी ओल की बोटांना माती चिकटली. आणि त्या ओलीत मूळ होतं, सुतळीएवढं बारीक झालेलं, तरी खाली चाललेलं.

मनकर्णाच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं लेकरू, आणि एवढी त्याची झेप! याला कुणी वाट दाखवली? खडकाला फट कुठं आहे, फटीखाली ओल कुठं आहे, हे याला अंधारात कुणी सांगितलं? आठ वर्षं तिनं हजारो रोपं सांभाळली होती आणि रोप म्हणजे काय ते तिला आज पहिल्यांदा दिसलं. देवळातसुद्धा तिचे हात इतक्या लगेच जुळले नव्हते.

हात बाहेर काढून तिनं काडी जवळून बघितली. मघाशी वाळलेली वाटली होती ती. नखानं जराशी साल खरवडली, तर आत हिरवंगार. आणि उसाच्या कांडीवर असतो तसा एक डोळा, तिळाएवढा, फुगलेला. तिनं दुसरी काडी बघितली. तिलाही डोळा. तिसरीला दोन.

सवयीनं हात बाटलीकडं गेला. पण तिनं तो मागं घेतला, उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली, टाचेनं दाबली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, भिंतीची सावली न्हवती. मी चोरून पानी घालीत हुते. खालची सहाशे मेली. मीच मारली."

मग मॅडम म्हणाल्या, "आणि वरची?"

"वरची जित्ती हायेत."

"सगळी?"

"सगळी अजून बगितली न्हाईत. बगितली तेवढी समदी."

"मावशी, तिथंच थांबा. मी कुठूनही उद्या टँकर मिळवते. निदान वरच्यांना तरी—"

"नको," मनकर्णा म्हणाली. आपल्या तोंडून पाण्याला नको निघालं, याचं तिलाच नवल वाटलं. "खालच्यांना उपेग न्हाई, आन् वरच्यांनी आपलं आपन बगितलंय."

"पण पानं नसतील ना एकाही झाडाला? गाव वर येईल, काड्या बघेल आणि खाली जाऊन डोंगर देऊन टाकेल. गावाला सांगणार काय आपण?"

मनकर्णानं खांद्याला लागलेली ओली माती बघितली. ती झटकावीशी तिला वाटली नाही.

"सांगायचं काय न्हाई, मॅडम. समद्यास्नी वर आना. फट उकरून, एकेकाला पालथं झोपवून हात घालाया लावते. माजा खांद्यापत्तूर गेला, तरी मुळाचा शेंडा घावला न्हाई."