अण्णांचा गेटपास

अण्णा फॅक्टरीच्या गेटवर बत्तीस वर्षं होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. घरातून कुणी पाऊल बाहेर टाकलं की अण्णा पास फाडणार: नाव, काम, परत कधी. कार्बनची कॉपी स्वतःच्या खिशात, माणूस घरी आला की ती फाडून टाकायची. दळणाच्या डब्यालासुद्धा पास लागे, आता बोला.

नात प्रतिमा, हिला नागपूरच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली होती. सोमवारी निघायचं होतं. आईबाबा तयार होते, पण अण्णांजवळ विषय काढायची कुणाची छाती होईना. एवढ्या लांबचा पास त्यांनी जन्मात फाडला नव्हता.

मदन महल मोहल्ल्यातल्या वाचनालयात कुंदाताई दर रविवारी मुलींवरचे सिनेमे दाखवायच्या. या रविवारचा होता घर सोडून शिकायला जाणाऱ्या मुलीचा. हा बघून अण्णा विरघळतील, असा हिशेब करून प्रतिमाने त्यांना नेऊन पहिल्या रांगेत बसवलं.

पडद्यावरच्या मुलीने पेटी उचलली, फाटक उघडलं, आणि अण्णा उभे राहिले. अर्ध्या पडद्यावर त्यांच्या टोपीची सावली.

"बंद करा ते."

"काय झालं काका?" कुंदाताईंनी घाबरून सिनेमा थांबवला.

"पेटी घेऊन चालली ना पोरगी? मग काहून कोणी पास विचारून नाही राहिलं?"

"काका, सिनेमा आहे तो."

"सिनेमा असला म्हणून काय झालं?"

पोरी खिदळायला लागल्या. धरणी दुभंगेल तर बरं, असं प्रतिमाला झालं. अण्णा काही बसेनात. शेवटी मागून एक पोरगी म्हणाली, "दादाजी, आप ही बना दो ना पास. हमें आगे देखना है."

हे अण्णांना पटलं. त्यांनी खिशातून पासचं बुक काढलं, कार्बन घातला. नाव अख्ख्या हॉलने सांगितलं, कामही सांगितलं. 'परत कधी' कुणालाच ठाऊक नव्हतं. "मग बघूनच भरतो," म्हणत अण्णा पेन उघडं धरून बसले.

सिनेमा संपला. मुलगी काही परत आली नाही.

घरी जाताना अण्णा पानठेल्यापाशी थांबून म्हणाले, "एक सांग. तिला कोणी विचारलंच नसेल का, कधी येशील म्हणून?"

प्रतिमाने मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "अण्णा, मलाही पास पाहिजे. नागपूरचा. उद्याचा."

अण्णांनी परत पासचं बुक काढलं, कार्बन घातला. मग पानठेल्याच्या फळीवर बुक ठेवून लिहायला लागले. नाव: प्रतिमा. काम: शिक्षण. पुढे पेन थांबलं.

"परत कधी?"

"दिवाळीला. नक्की."

त्यांनी 'दिवाळी' लिहून खाली दोनदा रेघ ओढली, पास तिच्या हातात दिला. कॉपीची चौघडी घालून खिशात ठेवली, आणि खिशाची गुंडी लावली.