शिवशंकर म्हणंल ते बटण

बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची कल्पना भिवराबाईचीच. पेडगावच्या रस्त्याला परभणीचे प्लॉट जिथं संपतात, तिथं धनगरांची चाळीस घरांची वस्ती आणि वस्तीमागं मेंढरं चारायचं गायरान. त्या गायरानावर दिनकररावांना गोदामं बांधायची होती. तेच दिनकरराव खासदारकीला उभे राहिले, तेव्हा भिवराबाईनं आपला पुतण्या शिवशंकर त्यांच्यासमोर अपक्ष उभा केला. जाऊबाई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला.

"निवडून येनार न्हाईस," ती त्याला म्हणाली, "पर आमी मुकी न्हाईत, येवढं तरी कळू दे त्याला."

निम्मी वस्ती मेंढरं घेऊन मानवतकडं निघायच्या बेतात होती. मतदानाला परत येतील, पण मधल्या दिवसांत कोण कुणाच्या कानाला लागंल, काय नेम? म्हणून निघायच्या आधीच तिनं समद्यांना बिरोबाच्या देवळात गोळा केलं. अडचण एकच. चिन्ह अजून मिळालं नव्हतं. मग शपथ घ्यायची तरी कशाची?

"त्यात काय," भिवराबाई म्हणाली. "म्हना, शिवशंकर म्हणंल तेच बटण दाबीन."

एकेकानं ताटातला बेल आणि भंडारा उचलला आणि तसं म्हटलं. चिन्ह मागाहून आलं. बादली.

मतदानाला तीन दिवस उरले आणि शिवशंकर वस्तीवर आला तो दिनकररावांच्या गाडीतून. देवळापुढं उभा राहून म्हणाला, "मंडळी, आपण दिनकररावांना पाठिंबा दिलाय. वरून पहिलं बटण दाबायचं. बादलीला हात लावू नका."

भिवराबाईला वाटलं, पोरगं थट्टा करायलंय.

"आन् गायरान?"

"मोठी माय, गोदामात आपल्याच पोरांला कामं भेटतील."

"तुला काय भेटलं, ते बोल की."

तो हसला. "शपथ तुमीच दिली ना? मी म्हणंल ते बटण. आता मी म्हणायलोय."

भिवराबाई वस्तीकडं वळली. "सुटली शपथ! फिरलेल्या मानसाची कसली आलीय शपथ? दाबा बादली!"

वस्तीतला सगळ्यात म्हातारा धोंडीबा बोलला, "वहिनी, देवाफुडं शब्द तुमी घातला. त्याच्या नावाला मत म्हनला असता, तर त्याचंच बटण दाबलं असतं. आता तुमच्या रागापायी देवाला खोटं पाडू?"

"देवाला दिसंना का, कोन फसवायलंय ते?"

"दिसत आसंल. पर शपथ मोडली आन् देव कोपला तर? माजी मेंढरं रानात उघड्यावर हाईत."

मतदानादिवशी शिवशंकर शाळेच्या फाटकापासून लांब, रस्त्यात हात जोडून उभा. "मोठी माय, पहिलं बटण."

"मी ताट धरलं व्हतं रं," भिवराबाई न थांबता म्हणाली. "भंडारा उचलला न्हाई. मला तुजी शपथ लागत न्हाई."

दिनकरराव निवडून आले. वस्तीच्या बूथवर बादलीला मत पडलं एक.

दुसऱ्या दिवशी शिवशंकर पेढ्याचा पुडा घेऊन दारात आला. "मोठी माय, ते एक मत कुणाचं म्हणून सायेब हसायले. तुमचंच ना? माझ्यावर एवढा राग, आन् मत मलाच?"

"तुला कुटं?" भिवराबाई म्हणाली. "मी ज्याला उभा केला व्हता, त्याला दिलं. त्याच्या इरोधात तर तू टाकलंस."

शिवशंकरनं पेढा पुढं केला. तिनं हात पुढं केला नाही.

"बसा म्हनले असते," ती म्हणाली, "पर तुमाला उशीर व्हत आसंल, शिवशंकरराव."

जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला अहो-जाहो केलं. त्याचा पेढ्याचा हात तसाच राहिला. "मोठी माय, असं नका ना बोलू," तो म्हणाला. भिवराबाईनं सुनेला हाक मारली, "शालू, पावन्याला पानी दे," आणि ती शेळ्या सोडायला निघून गेली.